पॉलिहाऊसशिवाय झुकिनी: कोकणात बी कधी आणि कुठं टाकायचं

झुकिनी म्हणजे काकडीसारखी दिसणारी, झुडपावर येणारी भोपळावर्गातली परदेशी भाजी. बटरनट म्हणजे परदेशी भोपळा. देवगडजवळच्या एका भावाने विचारलं आहे: "नोकरी सोडून गावी आलोय. घरामागे पाच गुंठे लाल मातीची जागा आहे, विहीर आहे. जूनच्या सुरुवातीला झुकिनी आणि बटरनटचं बी ट्रेमध्ये टाकलं, ट्रे पडवीत ठेवले. उगवण झकास झाली, पण आठवडाभरात निम्मी रोपं आडवी पडली. उरलेली जमिनीत लावली ती पावसात कुजली. व्हिडिओत बघतो तर सगळे हरितगृहात रोपं करतात. कर्ज काढून छोटं पॉलिहाऊस बांधू, की हे पीक आपल्या भागाचं नाहीच म्हणून सोडून देऊ?"

दोन्ही नको. कर्ज काढू नका आणि पीकही सोडू नका. तुमचं बी चांगलं होतं, उगवलं म्हणजेच ते सिद्ध झालं. चुकला तो महिना, आणि थोडी ट्रेची जागा.

आधी हे बघा की ते व्हिडिओवाले हरितगृह कशासाठी वापरतात. इंग्लंडसारख्या देशात एप्रिल-मेपर्यंत रात्री हिमकण पडायची धास्ती असते. झुकिनी, भोपळा ही सगळी मंडळी थंडीला अजिबात न सोसणारी. त्यामुळे तिथे बी घरात किंवा काचेखाली उबेत रुजवतात आणि मेअखेर-जूनमध्ये बाहेर काढतात. ते हरितगृह ऊब विकत घेण्यासाठी असतं. आपल्याला ऊब फुकट मिळते. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर जानेवारीतलं सरासरी किमान तापमानसुद्धा १८-१९ अंशांच्या आसपास असतं. या बियांना रुजायला २५ ते ३५ अंशांची माती आवडते, आणि आपली माती दिवाळीतही दिवसा तेवढी तापलेली असते. बी टाकल्यापासून चार ते सात दिवसांत वर येतं.

आपली अडचण पाणी आहे. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही जवळपास सगळा चार महिन्यांत, आणि त्या काळात हवेतला ओलावा दिवस-रात्र हटत नाही. त्याच काळात तुम्ही रोपं टाकलीत. पॉलिहाऊसने वरचा पाऊस अडला असता, हवेतला ओलावा नाही. उलट बंद जागेत तो वाढतोच. मार्चनंतर प्लॅस्टिकखाली इतकं तापतं की फुलं गळतात. शिवाय बहुतेक झुकिनीला मधमाशी लागते, बंद जाळीत ती येणार नाही. आणि किनाऱ्यावरचा वारा आहेच. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-मुरुड-दापोली पट्ट्यातल्या जुन्या जुन्या बागा आडव्या झाल्या. पाच गुंठ्यांसाठी प्लॅस्टिकचा सांगाडा उभा करून दरवर्षी जूनमध्ये त्याची काळजी करत बसायचं, हे मला पटत नाही.

आता महिन्याचं बोलू, कारण नव्वद टक्के उत्तर तिथेच आहे. झुकिनी आपल्याकडे हिवाळ्याचं पीक म्हणून धरा. हळवं भात कापून झालं, परतीचा पाऊस ओसरला, सकाळी गवतावर दव दिसायला लागलं की तिचे दिवस आले. कपात रोपं करायची असतील तर नवरात्राच्या आसपास बी टाकावं आणि दिवाळीच्या सुमारास रोपं जमिनीत घालावीत. थेट जमिनीत बी टोकायचं असेल तर नोव्हेंबरचा पहिला आठवडा ते डिसेंबरचा मध्य ही उत्तम वेळ. शेवटची पेरणी जानेवारीच्या सुरुवातीला. झुकिनीचं पहिलं फळ बी टाकल्यापासून साधारण ४० ते ५० दिवसांत हाताशी येतं आणि पुढे महिना-सव्वा महिना झाड देत राहतं. जानेवारीत टाकलेलं मार्चमध्ये संपतं. त्यानंतर उकाडा आणि पांढरी माशी दोन्ही वाढतात, पानांवर पिवळे-हिरवे ठिपके पडून विषाणूरोग शिरतो. एकदा शिरला की औषध नाही, झाड उपटणं एवढाच इलाज. म्हणून फेब्रुवारीत नवी झुकिनी पेरू नका, कितीही मोह झाला तरी.

बटरनटचं गणित वेगळं. तो आपल्या लाल भोपळ्याचा सख्खा भाऊ, एकाच जातीतला. उष्णता जास्त सोसतो, वेल लांब पळतो आणि फळ पिकायला १०० दिवसांच्या पुढे घेतो. त्याला नोव्हेंबरमध्येच टाका, म्हणजे मार्चमध्ये पिकलेली फळं हाती येतात. लाल भोपळा तर आपल्याकडे मृगाच्या पावसातही लावतात, पण कुठे लावतात ते बघा. उकिरड्याच्या उंचवट्यावर, वरकस उतारावर, गडग्याच्या कडेला. गणपतीत खातो तो चिबूड आणि काकडीही अशाच उताराच्या जागी होतात. पाणी आलं तसं निघून जायला हवं, वरून छप्पर नसलं तरी चालतं. झुकिनी मात्र झुडूप होऊन जमिनीलगत बसते, पानं एकमेकांवर येतात, मधे वारा खेळत नाही. पावसात ती उतारावरही कुजते. म्हणून जूनमध्ये बी टाकायचंच असेल तर लाल भोपळ्याचं टाका, झुकिनीचं राखून ठेवा.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. तुम्ही किनाऱ्यावर आहात, हे गृहीत धरून मी वरचे महिने सांगितले. वैभववाडी, संगमेश्वर, पोलादपूर अशा घाटाच्या पायथ्याच्या गावांत डिसेंबर-जानेवारीच्या रात्री बऱ्याच गार होतात. तिथे जानेवारीची पेरणी सावकाश उगवते, त्यामुळे दिवाळीच्या आतबाहेरच उरकलेली बरी. खाडीकाठच्या विहिरी मार्चपासून मचूळ होऊ लागतात. तुमच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात जिभेला लागत असेल तर शेवटची पेरणी नोव्हेंबरमध्येच थांबवा, कारण खारटपणा सर्वात आधी कोवळ्या रोपांना आणि पानांच्या कडांना जाळतो. आणि जागा भाताच्या मळ्यातली असेल, तर खालची ओल डिसेंबरपर्यंत हटत नाही. तिथे गादीवाफा चांगला हातभर रुंद आणि वीतभर उंच करून मगच बी टोका. तुमची घरामागची लाल माती निचऱ्याची असणार, तुम्हाला एवढा खटाटोप लागणार नाही.

रोपं कोलमडली तो रोग बघून ओळखता येतो. आडवं पडलेलं रोप उचलून मातीच्या रेषेजवळ देठ बघा. तिथे पाणचट, तपकिरी आणि सुतासारखा बारीक झालेला दिसेल, वरची पानं मात्र अजून हिरवीच. ही मर. मातीतली बुरशी करते, आणि तिला लागतं ते सगळं पडवीत होतं: सतत ओली माती, कोंदट हवा, ऊन नाही. ऊन कमी मिळालं की रोप उजेडाकडे मान काढून उंच, फिकट आणि लुळं होतं, मग बुरशीला ते आयतंच सापडतं. पडवी माणसांना बसायला चांगली, रोपांना नाही.

यंदा असं करा. अंगणात पूर्वेचं ऊन मिळेल अशा जागी बांबूच्या चार काठ्या रोवून वर पारदर्शक प्लॅस्टिकचं उतरतं छप्पर बांधा, कमरेच्या उंचीवर. चारही बाजू उघड्या. परतीच्या पावसाची सर आली तरी वरून मार लागत नाही आणि वारा आरपार जातो. तुमचं हरितगृह एवढंच. पाऊस थांबला की प्लॅस्टिक काढून गुंडाळून ठेवायचं, म्हणजे रोपांना सरळ ऊन मिळतं.

ट्रे वापरू नका, निदान ते बारीक खणांचे नको. या वर्गातल्या रोपांची मुळं एकदा दुखावली की रोप पंधरा दिवस रुसतं. चहाचे मोठे कागदी कप, तळाला भोकं पाडलेल्या काळ्या पिशव्या किंवा सुपारीच्या विरीचे वळून केलेले द्रोण घ्या. द्रोण असला तर तसाच जमिनीत पुरता येतो, मुळाला हात लागत नाही. माती दोन भाग, जुनं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत एक भाग, कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) एक भाग. कोकोपीट गावातल्या काथ्यावाल्याकडचं असेल तर दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्या. सोडणं खाडीच्या पाण्यात भिजवलेली असतील तर त्यात मीठ राहतं. शेणखतात आठवडाभर आधी ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला दाबणारी उपयोगी बुरशी, मिसळून सावलीत ओलसर ठेवलं तर मर बरीच आटोक्यात येते. पुढच्या वर्षासाठी म्हणून सांगतो, मेमध्ये रोपांची माती ओलवून पातळ पारदर्शक प्लॅस्टिकखाली चार-सहा आठवडे उन्हात तापवून ठेवा, त्याने बुरशीचा जोर मोडतो.

बी साधारण दोन सेंटिमीटर खोल टाका. एका कपात दोन बिया, नंतर जोमदार रोप ठेवून दुसरं कात्रीने कापा. उपटू नका, शेजारचं मूळ हलतं. नवं बी भिजवायची गरज नाही. जुनं असेल तर चार-सहा तास कोमट पाण्यात ठेवून लगेच टाकावं. पाणी किती, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. मी मुठीने ठरवतो. कपातली माती चिमटीत नको, मूठभर घेऊन दाबा. बोटांमधून पाणी डोकावलं तर जास्त ओली, दोन दिवस हात लावू नका. मूठ उघडल्यावर गोळा राहिला आणि अंगठ्याने ढकलल्यावर फुटला तर बरोबर. गोळाच झाला नाही तर पाणी द्या, तेही सकाळी. संध्याकाळी दिलेलं पाणी रात्रभर देठाशी बसतं.

बियातून निघालेल्या पहिल्या दोन जाड पानांनंतर दोन खरी पानं आली, तिसरं डोकावायला लागलं की रोप जमिनीत घाला. ही वेळ साधारण दोन-तीन आठवड्यांत येते. त्यापेक्षा मोठं होऊ दिलं तर मूळ कपात गोल फिरून बसतं. नोव्हेंबर उजाडल्यावर मात्र मी स्वतः कपांच्या भानगडीत पडत नाही, सरळ आळ्यात तीन बिया टोकतो. थेट पेरलेलं झाड सोटमूळ खोल घालतं आणि पुढे पाण्याची ओढ कमी लागते. तुमच्याकडे उंदीर-घुशींचा त्रास असेल तर मात्र कपच बरे, कारण भोपळ्याच्या बियांचा वास त्यांना लांबून येतो.

झुकिनीच्या दोन झाडांत दोन-अडीच फूट आणि ओळींत तीन फूट अंतर ठेवा. सुरुवातीला जागा रिकामी वाटते, महिन्याने वाटत नाही. बटरनटला ओळींत आठ-दहा फूट द्या किंवा मांडवावर चढवा. आळ्यात घमेलंभर कुजकं शेणखत आणि ओंजळभर लाकडाची राख. आपली जांभ्याची माती आंबट असते, चुना कमी असतो, त्यामुळे फळाचं टोक काळं पडून सडतं. आळी करायच्या दोन-तीन आठवडे आधी शिंपल्यांचा विझलेला चुना थोडा भुरभुरून मातीत मिसळला तर फरक पडतो. चुना आणि शेणखत एकाच दिवशी घालू नका, शेणखतातला नत्र हवेत उडून जातो. आणि हे काळं टोक फक्त चुन्याअभावी येतं असंही नाही. चार दिवस कोरडं आणि पाचव्या दिवशी भरपूर पाणी असं केलं तरी येतं. भाताचा पेंढा आळ्यावर अंथरा, ओल सारखी राहते आणि फळ मातीला टेकत नाही.

रोपं जमिनीत गेल्यावर पहिले पंधरा दिवस एकच शत्रू, तांबडा भुंगा. नारिंगी-तांबूस, साधारण भाताच्या दाण्याएवढा. रोपाच्या पहिल्या दोन जाड पानांना गोल गोल भोकं पाडतो आणि दोन दिवसांत नुसता देठ ठेवतो. त्याची अळी मातीत मुळं खाते. पहाटे तो गारठलेला असतो, तेव्हा पानांच्या खाली हात घालून वेचता येतो. दव असताना पानांवर राख भुरभुरणं ही आपल्या आज्यांची पद्धत, आणि कोवळ्या रोपांना ती पुरते. मला सर्वात खात्रीचं वाटतं ते जुन्या मच्छरदाणीचं कापड. बांबूच्या कामट्यांची कमान करून रोपांवर टाका, कडा मातीत दाबा. पांढरी माशी मात्र बारीक, ती या भोकांतून शिरू शकते, त्यामुळे विषाणूरोगासाठी यावर भरवसा ठेवू नका. पहिलं फूल दिसलं की कापड काढायलाच हवं.

आता फुलांकडे या, कारण पुढचा प्रश्न तुम्ही हाच विचारणार आहात: फुलं खूप, फळ एकही नाही. झुकिनीला नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. नराचा देठ सरळ, बारीक. मादीच्या फुलामागे बोटाएवढी इवलीशी झुकिनी असते. बऱ्याचदा पहिले आठ-दहा दिवस नुसते नर येतात, घाबरू नका. उकाड्यात नरच जास्त येतात, गार आणि लहान दिवसांत मादी वाढते. हिवाळी लागवडीला हाही फायदा आहे. कधी कधी उलटं होतं, मादी आधी येते आणि नर नसतो. मग ती इवलीशी झुकिनी टोकाकडून पिवळी पडून तीन-चार दिवसांत मऊ होते. लोक तिला रोग समजून फवारतात. रोग नसतो, पराग मिळालेला नसतो.

मधमाश्या कमी असतील तर हाताने करा. फूल पहाटे उमलतं आणि नऊ-दहाच्या सुमारास मिटायला लागतं, म्हणून सकाळी साडेसहा-सातला शेतात असावं. ताजं नर फूल तोडा, त्याच्या पाकळ्या मागे सोलून टाका. मधे पिवळी पूड लागलेला दांडा उरतो. बोट लावून बघा, पूड बोटाला लागली तर पराग तयार आहे. तो दांडा मादी फुलाच्या मधल्या चिकट गोंड्यावर सगळीकडून हलकेच फिरवा. एकाच बाजूला लागला तर फळ वाकडं, एका टोकाला बारीक होतं. एका नराने दोन-तीन मादी फुलं होतात. पाकळ्यांत दवाचं पाणी साचलं असेल तर फूल आधी उपडं करून झटका, ओला पराग कामाचा नाही. उरलेल्या नर फुलांची भजी करा, भोपळ्याच्या फुलांसारखीच होतात.

फळमाशीबद्दल एक गोष्ट आंबावाल्यांच्या गावात मुद्दाम सांगायला हवी. आंब्यासाठी टांगता त्या सापळ्यात मिथाइल युजेनॉल हे माशीला वासाने ओढणारं रसायन असतं. भोपळावर्गातली फळमाशी त्याला भुलत नाही, तिच्यासाठी क्यू-ल्यूर या दुसऱ्या आमिषाची गोळी लागते. सापळा तोच चालतो, गोळी बदला. डंख झालेलं फळ वाकडं होतं, भोकाशी डिंकासारखा थेंब दिसतो. असं फळ बांधावर फेकू नका, आतली अळी मातीत जाऊन पुन्हा माशी होते. हातभर खोल पुरा किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून उन्हात ठेवा.

जानेवारीत पानांवर पांढरी पूड दिसेल, ती भुरी. खालची जुनी पानं काढा, वारा खेळू द्या, पाणी पानांवर न मारता बुंध्याशी द्या. लवकर दिसली तर पाण्यात विरघळणाऱ्या गंधकाची हलकी फवारणी चालते, मात्र दुपारच्या उन्हात नको, पानं करपतात. झाड शेवटाला आलं असेल तर काहीच करू नका.

फळ वीतभर झालं की तोडा, एक दिवसाआड. आज ठेवलं तर परवा ते दुधीएवढं होतं आणि झाड नवी मादी फुलं धरणं थांबवतं. बटरनटचं नेमकं उलट: साल नखाने ओरखडत नाही आणि देठ वाळून लाकडासारखा होतो तोवर हात लावू नका.

बी घरचं धरायचं का? संकरित नसलेल्या बटरनटचं किंवा गावठी भोपळ्याचं धरा, पण दोन्ही शेजारी लावले असतील तर नको, एकाच जातीचे असल्याने त्यांची सरमिसळ होते. संकरित झुकिनीचं धरू नका, पुढच्या पिढीत काय निघेल याचा नेम नाही. कुठलंही फळ चिरल्यावर चवीला कडू लागलं तर शिजवून बघू नका, फेकून द्या. कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावल्याच्या घटना आपल्या देशात झाल्यात, आणि झुकिनीतला कडूपणा त्याच जातीच्या द्रव्याचा असतो. राहिलेलं बी पूर्ण वाळवून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा, तळाला कोरड्या राखेची पुरचुंडी. चांगलं ठेवलेलं बी चार-पाच वर्षं टिकतं, पण आपल्या पावसाळ्याची उघडी हवा लागली तर एका चातुर्मासात त्याची उगवण निम्म्यावर येते.

शेवटचं, तुम्ही विचारलं नाहीत तरी. गावच्या आठवडा बाजारात झुकिनी चटकन खपत नाही, लोक हातात घेऊन "ही कसली काकडी" म्हणून खाली ठेवतात. ती जाते मालवण-तारकर्लीच्या हॉटेलांत आणि गोव्याकडे. तोडल्यावर चार-पाच दिवसांत ती मलूल होते, त्यामुळे गिऱ्हाईक आधी आणि लागवड मागून. यंदा पाच गुंठ्यांपैकी एका गुंठ्यात झुकिनी करा, तीही पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने दोन-तीन हप्त्यांत पेरून, म्हणजे हॉटेलवाल्याला सलग माल देता येईल. उरलेल्या चार गुंठ्यांत बटरनट आणि लाल भोपळा घाला. ते माळ्यावर महिनोन्महिने राहतात, गिऱ्हाईक मिळेपर्यंत थांबता येतं. उरलेलं झुकिनीचं बी आजच बरणीत भरा, आणि नवरात्र लागायच्या आधी बांबू तोडून छपराची तयारी करून ठेवा.